धूर कर

"धूर कर" हा शब्द अप्पांचाच. आता घरात कुणी तो काढला की अप्पा दुसरीकडं बघतात; पण ज्या दिवशी सुचला त्या दिवशी स्वतःवरच खूश होऊन त्यांनी येईल त्याला चहा पाजला होता, आणि तो चहा पिणाऱ्यांत आम्हीही होतो, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

झालं असं, की भीमाशंकरअप्पांची धाकटी सून शिवानी हाळीकरंजीची नगराध्यक्ष. अप्पांच्या नावावर ती निवडून आली असं अप्पा सांगत, आणि अप्पा स्वतः उभे नव्हते म्हणून निवडून आली असं गाव सांगे. दोन्ही खरं असावं. अप्पा तीस वर्षं नगरसेवक होते. बाकीच्या गावांत अध्यक्षबाईंचा कारभार नवरे बघतात, त्यांना लोक अध्यक्षपती म्हणतात. शिवानीचा नवरा अमरेश नांदेडला बँकेत नोकरीला, म्हणून आमच्याकडं अध्यक्षसासरे होते. पालिकेत त्यांना वेगळी खुर्ची होती, उशीसकट.

तर शिवानीनं ठराव आणला, की गावात जो जास्त जाळील त्यानं जास्त भरावं. वीटभट्ट्या, डांबराचा प्लांट, बॉयलर, मोठाले जनरेटर. त्या पैशातून पाणीपुरवठ्याचे पंप सौरवर न्यायचे आणि उरेल ते घरपट्टीत सूट देऊन घरटी परत करायचं. कागदावर नाव होतं कार्बन कर. ठराव मंजूर झाला तरी तो लातूरला जाणार, लातूरहून मुंबईला जाणार आणि तिथं कुणाच्यातरी टेबलावर म्हातारा होणार, हे तिलाही कळत होतं. पण कुणीतरी एकदा मागितलं हे कागदावर यावं, एवढाच तिचा हट्ट. ती लग्न होऊन आली त्याच साली लातूरला आगगाडीनं पाणी आलं होतं. अंगाची हळद गेली नव्हती तर ही टँकरपुढं घागरी घेऊन उभी. नव्या नवरीला रांगेत मान मिळतो म्हणून सासरच्यांनी तिलाच पुढं केलं होतं. ते दिवस बाकीचे विसरले, ती विसरली नाही.

आता कार्बन म्हटलं की आमच्याकडं लोकांना काय आठवणार? अडतीतला पावतीपुस्तकाखालचा निळा कागद. अडत्यांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन आलं, की आम्ही आता पावत्या काँप्युटरवर काढतो, कार्बन वापरणं कधीच सोडलं, सबब आम्हाला वगळावं. शिवानीनं कपाळाला हात लावला. अप्पा हसले आणि म्हणाले, पोरी, लोकांना कळंल असं बोलावं, सरळ धूर कर म्हण. तिला पटलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूनं तसंच लिहिलं गेलं.

त्यात एक घोळ होता, तो शाळेतल्या पोरांनी आधी पकडला. धूर कर म्हणजे काय, तर धूर कर! पालिकेसमोर पाचोळा पेटवून पोरं म्हणत, बाईंनीच सांगितलंय. मग मोठी माणसं लागली. चुलीवर कर आहे का, बिडीवर आहे का, उदबत्तीवर आहे का. शिवानी प्रत्येकाला नाही म्हणून सांगत फिरली. पुढाऱ्यानं इतक्यांदा नाही म्हणू नये, लोकांना संशय येतो.

आणि मग देविदास बोलला.

देविदासचा डांबराचा प्लांट आहे आणि पालिकेत विरोधी बाजू त्याची आहे. पण खरा नावाजलेला आहे तो स्मशानातल्या भाषणांसाठी. सरणापुढं श्रद्धांजलीचं बोलणं आमच्याकडं लागतंच, आणि देविदास बोलला नाही तर मेलेल्याच्या घरच्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. त्या दिवशी एका म्हाताऱ्या हमालाचं सरण पेटलं होतं. देविदासनं टोपी काढली, डोळे पुसले आणि म्हणाला, "हा माणूस नशिबाचा, वेळेत गेला. पुढच्या महिन्यात गेला असता तर घरच्यांना धुराची पावती फाडावी लागली असती. कर लावणारांचं काय जातंय? त्यांच्यात पुरतात. त्यांच्या मढ्याला धूरच न्हाई."

अप्पांचं घर लिंगायत. लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसता करून, हातात इष्टलिंग देऊन मातीआड करतात, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. कित्येकांनी त्या खड्ड्यांत मूठमूठ माती लोटलेली. त्यात कुणाला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

शिवानीनं लगेच पत्रकं छापून घेतली. मोठ्या ठसठशीत अक्षरांत, "चितेवर कर नाही". घडी अशी पडली, की वरच्या बाजूला "चितेवर कर" आलं आणि "नाही" आत गेलं. ज्यांनी देविदासचं भाषण ऐकलं नव्हतं, त्यांच्याही घरी बातमी पालिकेच्या खर्चानं पोचली.

*

बुधवारी अकरा वाजता विशेष सभा. मंगळवारी सकाळी अप्पांनी घरच्यांना दालमिलच्या ऑफिसात बोलावलं. घरी बोलावलं असतं तर बायको, गंगम्मा, मधे बोलल्या असत्या, म्हणून ऑफिसात. अप्पांची ही युक्ती चाळीस वर्षांत एकदाही चाललेली नाही. सगळे बसेपर्यंत गंगम्मा सुशिल्याचं पातेलं आणि ताटल्या घेऊन हजर, आणि एकदा वाढायला बसलेल्या बाईला ऊठ कोण म्हणणार? मुरमुऱ्याचा तो सुशीला, वरून शेंगाचटणी, आणि थोरल्या लेकाच्या, संगमेश्वरच्या, ताटलीत मिरच्या काढून.

संगमेश्वरनं सुरुवात केली. मिल तो बघतो आणि नदीकडंची वीटभट्टीही त्याचीच, म्हणजे कर बसला तर पहिला घरावरच. पण तो ते बोलला नाही. तो समाजाबद्दल बोलला. गावात आपण मूठभर, दुकानं आपली गावाच्या जिवावर, वर्षानुवर्षं कुणी आपल्याला वेगळं म्हटलं नाही आणि आता पोरं मिलच्या भिंतीवर कोळशानं लिहितात, वगैरे. बोलला चांगलं. ठराव मागं घ्यावा, खुर्ची वाचवावी, हे त्याचं म्हणणं.

"चाकूरला कशाला गेल्तास रं परवा?" गंगम्मांनी विचारलं.

संगमेश्वर घास चावत राहिला. मग निघालं, की चाकूरच्या ढाब्यावर तो देविदासला भेटला होता. देविदासनं सांगितलं होतं, की ठराव मागं गेला तर अध्यक्ष हटवायच्या अर्जावर सह्या होणार नाहीत. आणि नव्या शाळेच्या बांधकामाला विटा कुणाच्या घ्यायच्या हेही बघता येईल. त्याला वाटलं होतं, आपण घराचं भलं करतोय. भट्टीवर बावीस माणसं कामाला होती आणि त्यांना तो कधी उपाशी ठेवत नव्हता. शिवानी काल आलेली आणि त्याच्याच भट्टीकडं बोट दाखवून भाषणं करणार! रागाचं कारण होतं त्याला. फक्त ते ढाब्यावर सांगायचं नव्हतं.

अमरेश नांदेडहून पहाटेच्या गाडीनं आला होता, येताना अर्धापूरची केळी आणली होती. कुठल्याही भांडणात तो केळी आणतो. तो म्हणाला, ठरावात एक ओळ घालू, अंत्यविधी वगळून. शिवानीनं सांगितलं, ती पहिल्या दिवसापासून आहे. आणि देविदास तीच ओळ वाचून दाखवतो, की बघा, नसतं मनात तर वगळायची पाळी का आली असती? अमरेशनं एक केळं सोललं.

हिशेब सरळ होता. सतरा नगरसेवक, नऊ हात लागत. महिन्याखाली अकरा होते, आता सहा. गळालेले परत आणायचे तर नगरसेविका रुक्मिणबाईला आणावं लागणार होतं, कारण आणखी दोघं तिच्याकडं बघून हात वर करत. अप्पांनी तिला निरोप धाडला होताच. ती आली, दारातच चपला काढून आत बसली.

रुक्मिणबाई शिवानीच्या बाजूची आणि मनानं स्वच्छ. तिचा नवरा श्रावणात गेला होता. तिला ठराव सगळा पाठ होता, चितेवर कर नाही हेही ती जाणून होती. तिनं ते सगळं आधीच कबूल केलं आणि मग शिवानीचा हात हातात घेऊन म्हणाली, "मला कळतंय गं. पर वॉर्डात बायका इचारायल्यात, तुझ्या मालकाचा धूर बी मोजला असता का म्हणून. मी काय सांगू? मी हात वर केला तर मालकाच्या सरणावर मीच कर लावला, असं म्हणतील. तुमच्यातलं कुणी आमच्यासंगं जळायचं असतं, तर मला तोंड ऱ्हायलं असतं."

एवढं बोलून तिनं डोळ्यांना पदर लावला. सुशीला खाल्ला नाही, पण घरच्या पोरांसाठी बांधून मात्र घेतला.

ती गेल्यावर अप्पा बराच वेळ गप्प होते. अप्पा गप्प बसले की समजावं, भाषण तयार होतंय.

"मी जळतो," ते म्हणाले.

कुणाला आधी कळलंच नाही. अप्पांनी समजावून सांगितलं. उद्या सभेत उभं राहायचं आणि गावासमोर शब्द द्यायचा, की मी मेल्यावर मला पुरू नका, जाळा. आणि पालिकेला काय धूर मोजायचा तो माझा मोजू द्या, पहिली पावती माझ्या नावावर फाडा. मग देविदास काय बोलंल? रुक्मिणबाईला तोंड राहिलं, तिच्यामागच्या दोघांना राहिलं, नऊ हात झाले. शब्द माझा होता, धूर कर. निस्तरायचा पण मीच.

आणि बघा माणसाची जात. ज्या संगमेश्वरनं सकाळपासून ठरावाच्या चिंध्या केल्या होत्या, त्याचे डोळे चमकले. त्याला भट्टी दिसली नाही, कर दिसला नाही, टाळ्या दिसल्या. आमदारकीलासुद्धा हे चालंल अप्पा, म्हणाला. आपण बापाच्या मयताची बेरीज करतोय हे त्याच्या दोन मिनिटांनी ध्यानात आलं, तेव्हा त्यानं पाणी मागितलं. अमरेश म्हणाला, असलं काही चालत नाही, आपल्यात अग्नी देत नाहीत. अप्पांनी तिथूनच शरणय्या स्वामींना फोन लावला. पोटजातीपासून पंचांगापर्यंत सगळ्यावर मत असलेले आमचे स्वामी, पण या प्रश्नावर ते म्हणाले, सभेचा निकाल लागू द्या, मग शास्त्र बघून सांगतो.

शिवानीनं मात्र स्पष्ट सांगितलं, की मला असली मतं नकोत. ठराव पडला तर पडला. सभेत बाहेरच्या माणसाला बोलता येत नाही, हा नियम आहे, आणि घंटा माझ्यासमोर असते.

गंगम्मांनी ताटल्या गोळा केल्या. पातेलं घेऊन निघाल्या, तेव्हा शिवानी त्यांच्यामागं गेली. गंगम्मा नुसत्या सासू नव्हत्या, तिच्या बापाच्या सख्ख्या बहीण होत्या. शिवानी त्यांना आत्याच म्हणे.

मिलच्या मागच्या रानात, बांधाला लागून, घरच्यांच्या समाध्या आहेत. गंगम्मा तिथंच थांबल्या होत्या. सासू-सासरे शेजारी शेजारी, त्यांच्या पलीकडं दिराचा दगड, आणि मग मोकळी जागा. ती जागा अप्पांनीच राखली होती. एकदा रागावून गंगम्मा माहेरी, निलंग्याला, दोन महिने जाऊन बसल्या होत्या, तेव्हा अप्पा आणायला गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, इथं नांदायचं नसलं तर नको, पण शेवटी माझ्याशेजारीच बसायचंय तुला, तिथं कशी पळशील? भावजया हसल्या होत्या. गंगम्मा दुसऱ्या दिवशी परत आल्या. अप्पा जन्मभरात गोड असं तेवढंच काय ते बोलले.

"हे बोलले म्हंजी बोलतीलच," त्या शिवानीला म्हणाल्या. "लोकं दिसली की ह्यांना दम निघत न्हाई. तू घंटा दाब. मला शब्द दे."

"दिला आत्या," शिवानी म्हणाली. "न्हाई बोलू देणार."

*

बुधवारी पालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, जिन्यावर माणसं, बाहेर पानाच्या टपरीवर कुणीतरी स्पीकर ओढून आणलेला. पाण्याच्या टाकीवर ठराव होता तेव्हा पाच माणसं आली होती, त्यातली दोन फोन चार्ज करायला.

शिवानी चांगली बोलली. कोण किती जाळतं, त्याचं काय होतं, उन्हाळा कसा दरसाल आधी येतोय आणि बोअर कशी आणखी खाली चाललीय. पहिला कर माझ्या दिरांच्या वीटभट्टीवर बसेल, हे तिनं तोंडानं सांगितलं. मग देविदास उठला आणि एवढंच म्हणाला, की बाई शिकलेल्या आहेत, त्यांचं खरं असेल. पण ज्याच्या घरचं काहीच जळत नाही त्यानं जळणाऱ्यांवर कर लावू नये. खिडक्यांतून टाळ्या.

तेवढ्यात अप्पा उशीच्या खुर्चीतून उठले.

शिवानीचा हात घंटेवर गेला. खाली बोटाला गार लागलं, हे तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. एकदा दाबायची होती, बस. पण त्याच वेळी तिची नजर रुक्मिणबाईकडं गेली. रुक्मिणबाई अप्पांकडं बघत होती, आणि तिच्या शेजारचे ते दोघं रुक्मिणबाईकडं. सहा आणि तीन, नऊ. शिवानीनं मनात मोजलं. घंटेवरचा हात तिथंच राहिला, पण वजन दिलं नाही. नियम सांगायला मुख्याधिकारी तोंड उघडत होते, त्यांनाही तिनं डोळ्यानं थांबवलं.

अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं. पुढारी माणूस, आवाज कुठं चढवायचा हे त्यांना झोपेतही कळतं. पण त्या दिवशी चढवला नाही. म्हणाले, "मी भीमाशंकर. ह्या गावातच जन्मलो, इथंच मरणार. मेल्यावर मला पुरू नका. रुक्मिणबाईच्या मालकाला जिथं जाळलं तिथं मला जाळा, आणि पहिला धूर माझा मोजा. लिंग हातात हाय, खोटं बोलत न्हाई."

आणि खरंच खोटं बोलत नव्हते, तीच तर पंचाईत. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःचं बोलणं ऐकून स्वतःलाच भरून आलं. काल मिलमध्ये होती ती चाल होती; इथं सगळ्यांची तोंडं बघून ती खरी झाली. सभागृह उठून उभं राहिलं. हमालाचा पोरगा रडला. रुक्मिणबाई तर हुंदक्यांनी हलत होती. देविदास स्वतः चालत आला, अप्पांच्या पाया पडला आणि म्हणाला, असा माणूस तालुक्यात झाला नाही.

मग मतदान झालं.

ठरावाच्या बाजूनं सात हात. रुक्मिणबाईचा वर होता, डोळे पुसताना दुसरा हात वर ठेवला होता तिनं. तिच्या शेजारच्या दोघांचे मांडीवर. विरोधात दहा. त्या दोघांना नंतर कुणी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की अप्पांच्या त्यागाचा मान राखून आम्ही विरोधात बोललो नाही, नुसतं मत दिलं. त्याग त्यागाच्या ठिकाणी, कर तो करच. देविदासनं आभार मानताना अप्पांचं नाव तीनदा घेतलं. सभा संपायच्या आत अध्यक्ष हटवायच्या अर्जावर सह्या सुरू झाल्या होत्या आणि त्यासाठी पेन संगमेश्वरच्याच खिशातला गेला होता. त्याचं म्हणणं, कुणी मागितला, मी दिला, कशाला हे मला काय ठाऊक.

*

जेवायला बसेपर्यंत चौकात बॅनर लागला होता. अप्पांचा मोठा फोटो, मागं ज्वाळा, आणि खाली, "आदरणीय भीमाशंकरअप्पांच्या अग्निसंकल्पाचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: देविदास व मित्रमंडळ". गावात आता ते कुणी विसरणार नव्हतं. अमरेश बाहेरून बघून आला आणि फोटो छान आलाय एवढंच म्हणाला, दुसरं काही त्याला सुचेना. त्याच्यामागोमाग लाकडाच्या वखारीचा बसवंत दारात आला. आत यायला तयार नव्हता, पण मोठ्या भक्तीनं सांगून गेला, की वेळ येईल तेव्हा येईल, अप्पांनी शंभर वर्षं जगावं, पण लाकूड आमच्याकडून, आत्तापासून चांगलं बघून वेगळं ठेवतो. अप्पांनी हात जोडले. तीस वर्षांची सवय.

गंगम्मांनी ताटं वाढली. भाकरी, वरण, आमटी, सगळं जागच्या जागी. शिवानी खाली मान घालून बसली होती. आत्या आता विचारील, आत्ता विचारील, असं करत तिनं भाकरीचे चार तुकडे केले, मग आठ. तिला ठरावाचं वाईट वाटत होतं आणि खुर्चीचंही. पण ते दोन्ही एका बाजूला ठेवून आत्याकडं बघायची हिंमत होईना. नऊ झाले असते तर बघता आलं असतं का, हेही तिनं स्वतःला विचारलं. आलं असतं बहुतेक. त्याची तिला जास्त लाज वाटली.

गंगम्मा तिच्याशी बोलल्याच नाहीत. त्या अप्पांसमोर बसल्या.

"बसस्टँडला छत घालतो म्हणून किती साली बोल्लाव?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी आठवून साल सांगितलं.

"आन नदीवरला पूल? आन पोरींच्या शाळंला पाणी?" गंगम्मा शांतपणे विचारत गेल्या. "तीस वरसं गावाला शब्द दिलाव. एक पाळला न्हाई. मी कधी बोल्ले का? आज बोलते. ह्यो बी पाळू नका."

संगमेश्वर चटकन म्हणाला, अव्वाचं बरोबर आहे, तेव्हाचं तेव्हा, लोक विसरतात. अमरेशनंही मान हलवली. दोघं भाऊ महिन्यानं एका बाजूला आले होते. शिवानी अप्पांच्या तोंडाकडं बघत राहिली. म्हाताऱ्यानं नुसतं हसून उडवावं, रोज उडवतात तसं, एवढंच तिला वाटत होतं.

अप्पांनी घास खाली ठेवला. "ते गावाला दिल्ते," ते म्हणाले. "ह्यो लिंग हातात घेऊन दिलाय गंगे. मला मोडता न्हाई यायचा." नाव घेऊन त्यांनी तिला कधी हाक मारलेली पोरांनी ऐकली नव्हती.

गंगम्मांनी त्यांच्या ताटात भाकरी घातली.

"मग मला बी जाळा," त्या म्हणाल्या. "तिथं एकटी बसून मी कुणाची वाट बघू?"

संगमेश्वरनं अव्वा, अव्वा केलं. त्यांनी हातानं त्याला गप्प केलं, उठल्या, आणि पहिल्यांदाच शिवानीच्या ताटापाशी आल्या. शिवानीला रडू फुटलं. आत्या, हात होता माझा घंटेवर, असं काहीतरी ती म्हणत होती. गंगम्मांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि तिच्या ताटात वरण घातलं.

"गावचा धूर कमी कराया निघालीस पोरी," त्या म्हणाल्या, "घरातलेच दोन वाढले. जेव आता."